साखर न घातलेला निरोप

बू सार्जीकडे आलेलं भांडण मिटलं नाही, असं तीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. निदान बू सार्जी, म्हणजे सार्जीबाई, तसं सांगायची, आणि इमोगिरीच्या टेकडीखालच्या त्या गावात तिचं म्हणणं खोडून काढायची कुणाची बिशाद नव्हती. सासू-सुनेचं असो, बांधावरच्या केळीचं असो, नाहीतर बाटिकच्या कारखान्यातल्या बायकांचं असो, लोक म्हणायचे, "सार्जीच्या कानावर घाला, ती बघेल." आणि ती बघायची. तिची रीत ठरलेली होती. भांडणाऱ्यांना समोरासमोर म्हणून येऊ द्यायचं नाही. इकडचा निरोप तिकडे न्यायचा, तिकडचा इकडे आणायचा, आणि वाटेत प्रत्येक निरोपात दोन चमचे साखर घालायची. साखर घातली नाही तर गावात एक घर शाबूत राहायचं नाही, असं तिचं ठाम मत होतं.

पण वागीरा आणि पाइनाचं बिनसलं, तेव्हा मात्र गाठ घरच्याच भांडणाशी होती.

दोघी तिच्याच कढईवरच्या. कारखान्यात एकेका शेगडीभोवती चार-चार जणी ठेंगण्या स्टुलांवर बसतात, मध्ये कढईत मेण वितळत असतं, आणि एका कढईवरच्या चौघी म्हणजे एक घरच. वागीरा चौकटीवर टांगलेल्या कापडाच्या पुढच्या बाजूला बसायची आणि चांतिंगने, म्हणजे त्या तांब्याच्या चोचीच्या लेखणीने, मेणाची नक्षी काढायची. पाइना त्याच कापडाच्या मागे. वागीरा हातभर पुढे सरकली की पाइना मागून तीच रेघ पुन्हा मेणाने गिरवायची. मागून मेण नसेल, तर रंगाच्या हौदात बुडवल्यावर मागून रंग शिरतो आणि पांढऱ्या रेघेचा चिखल होतो. केसाचा फरकसुद्धा चालत नाही. एकोणीस वर्षं एक पुढे, एक मागे. बसवलं होतं तेही बू सार्जीनेच, दोघी नुकत्याच लग्न होऊन आल्या होत्या तेव्हा.

झालं होतं ते असं. महिन्यापूर्वी जकार्ताहून पाहुणे आले होते. त्यातल्या एका जाड चष्म्याच्या गृहस्थाने वागीराच्या चौकटीपाशी उभं राहून विचारलं, "हे एवढं सगळं तुम्ही एकटीने केलंत?"

वागीरा म्हणाली, "हो जी, हो जी."

आता इकडे 'हो' म्हणजे हो असतंच असं नाही. पाहुण्याला कोण नाही म्हणतं? पाहुण्याने विचारलं आणि आपण हो म्हटलं, एवढाच त्याचा अर्थ. पण पाहुणा पडला जकार्ताचा, त्याने ते खरं धरलं. मालकीणबाईंची मुलगी लारास शेजारीच होती, तिनेही खरं धरलं. पोरगी शहरात शिकून आलेली, उत्साह नुसता उतू चाललेला. तिने वागीराचा फोटो काढला, मोठा करून भिंतीवर लावला आणि खाली सुंदर अक्षरात कार्ड चिकटवलं: 'सहा महिने एकटीने खपून हे वस्त्र घडवणाऱ्या वागीरा.'

पाइना कापडाच्या मागेच बसली होती. तिने 'हो जी'ही ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी कार्डही वाचलं.

ती भांडली नाही. ओरडली असती, दोन भांडी आपटली असती तर बरं झालं असतं, बू सार्जीने तासाभरात आवरलं असतं. पाइना एकदम सभ्य झाली. वागीराला अहो-जाहो करायला लागली. "वागीराबाई, जरा सरकता का? मला शेगडीला वारा घालायचाय." एकोणीस वर्षं जिच्या ताटातलं उचलून खाल्लं तिला 'वागीराबाई'! वागीराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तीही म्हणाली, "या ना पाइनाबाई, कढई तुमचीच आहे." मग तेही बंद झालं. अळीमिळी गुपचिळी. पाइना स्टूल-हत्यारं तिथेच सोडून उठली आणि दुसऱ्या चौकटीवर जाऊन साधे रुमाल काढायला लागली. गिऱ्हाईकाच्या लग्नासाठी चाललेलं ते वस्त्र पुढून पूर्ण, पण मागून शेवटचा हातभर कोरडा ठणठणीत, तसंच लटकत राहिलं.

आणि मग सोमवारी बातमी आली की नदीपलीकडच्या पाक बादरुनने, म्हणजे बादरुनशेटने, पाइनाला आपल्या कारखान्यात बोलावलंय आणि ती पुढच्या सोमवारपासून जाणार आहे.

त्या दिवशी बू सार्जीला जेवण गेलं नाही. वस्त्र शनिवारी हौदात जायचं होतं, पण वस्त्राचं तिला एवढं नव्हतं. एक वस्त्र बिघडलं तर दुसरं होतं. पाइना गेली तर तिची कढई मोडणार होती. त्या दोघींना तिने हाताला धरून मेण फुंकायला शिकवलं होतं, एकीच्या बाळंतपणात दुसरीने दोन्ही बाजू सांभाळल्या होत्या. माणसं मरतात तेव्हा कढई मोडते. जिवंतपणी मोडलेली कढई तिने अजून पाहिली नव्हती, आणि तिला ती पाहायची नव्हती.

लारासला ती म्हणाली, "न्दुक, तू यात पडू नकोस." पोरींना ती न्दुकच म्हणायची, मग पोर पंचेचाळीसची का असेना.

"बू, पण भांडण माझ्या कार्डामुळे झालंय ना!" लारासचे डोळे भरलेले होते. "मी योग्याकार्ताला तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलंय. कामाच्या जागेवरचे वाद कसे सोडवायचे त्याचं. दोघींना समोरासमोर बसवायचं. आपल्याला काय वाटलं ते प्रत्येकीने बोलायचं. दुसरीने मध्ये तोंड घालायचं नाही."

"समोरासमोर?" बू सार्जीने कपाळाला हात लावला. "अगं, काय वाटलं ते तोंडावर बोलायला आपण काय जनावरं आहोत?"

"गुरुवारी दुपारी बसवते," लारास म्हणाली. मालकिणीचीच पोर ती, हट्टी.

म्हणजे हातात दोन दिवस होते. बू सार्जीने ठरवलं, गुरुवारपर्यंत असं गोड करून ठेवायचं की समोरासमोर बसल्यावर बोलायला काही उरायलाच नको.

मंगळवारी ती पाइनाकडे गेली. आपल्या कामाचं अक्षर काढलं नाही. आधी बकरीची चौकशी, मग मिरचीचा भाव, मग धाकटीच्या परीक्षेचं. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात, पण इकडे भांडं दाखवणाऱ्याला ताक मिळत नाही. खडीसाखरेचा चहा दोनदा झाला, शेंगदाण्याच्या कुरकुरीत पेयेकची अर्धी बरणी संपली, आणि उठता उठता बू सार्जी म्हणाली, "वागीचं काही खरं नाही गं. रडून रडून डोळे सुजलेत. म्हणाली, 'बू, चुकलं माझं. पाइनाला सांगा, मला माफ कर म्हणावं. तोंडात घास उतरत नाही.'"

पाइना बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली. "असं म्हणाली?"

"माझ्या या कानांनी ऐकलं."

बुधवारी वागीराकडे. तिथे कोंबड्यांची चौकशी, मुलाच्या बाताम बेटावरच्या नोकरीची चौकशी, आणि शेवटी, "पाइनाला फार वाईट वाटतंय बघ. म्हणते, 'उगाचच डोकं फिरलं माझं. वागीचं काय चुकलं? मीच माफी मागते, पण कोणत्या तोंडाने जाऊ?'"

वागीराचा चेहरा उजळला. "खरंच? मला वाटलंच होतं. पाइना मनाची वाईट नाहीच."

घरी येताना बू सार्जी स्वतःवर इतकी खूष होती की वाटेत एकटीच गुणगुणत आली.

गुरुवारी दुपारी लारासने मागच्या खोलीत टेबल लावलं, चहा ठेवला, चार नियम लिहिलेला कागद ठेवला. दोघी आल्या. आणि कुठे बघावं ते दोघींना कळेना. एकोणीस वर्षं मध्ये कापड असायचं. एकमेकींचा चेहरा असा दोन हातांवर, बोलायचं म्हणून समोर, त्यांनी कधी पाहिला नव्हता. दोघींनी डोळे साखरेच्या भांड्यावर रोखले. बू सार्जी दाराशी बसली होती, मोठ्या समाधानाने.

"कोण सुरुवात करतंय?" लारासने विचारलं.

प्रत्येकीला वाटत होतं, माफी दुसरीने मागायची आहे. शेवटी पाइनाने मन मोठं केलं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "माणूस चुकतं. तिने माफी मागितली, मी केलं माफ."

वागीराचा चमचा पेल्यातच थांबला. "कुणी मागितली माफी?"

"तू मागितलीस. बूंकडे निरोप पाठवलास ना?"

"मी? माफी तू मागितलीस! 'कोणत्या तोंडाने जाऊ' म्हणालीस!"

मग दोघींची तोंडं हळूहळू दाराकडे वळली. लारासचंही वळलं. बू सार्जीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"अगं, मनातल्या मनात दोघींनाही…" तिने आणखी एक चमचा घालायचा प्रयत्न केला.

"बू," पाइना म्हणाली, "खरं सांगा. ती रडली होती?"

बू सार्जीने वागीराकडे बघितलं. वागीराने मान हलवली, नाही. "आणि घास न उतरायला काय झालं?" वागीरा म्हणाली. "घरी गुदेग होतं, फणस चांगला मऊ शिजला होता. मी दोनदा वाढून घेतलं."

हसू यायला हवं होतं. कुणीच हसलं नाही.

"म्हणजे कुणाला काही वाटलेलंच नाही," पाइना उठली. आवाज तिने तसाच खाली ठेवला, पण चहाचा पेला बाजूला सारला. "बूंनी आपल्या पदरचं सांगितलं आणि मी वेडी दोन दिवस हुरळून बसले. मी माझी हत्यारं घेते. सोमवारपासून नदीपलीकडे."

"पाइना, थांब!" बू सार्जी उभी राहिली. तोंडात शंभर गोड वाक्यं येऊन गेली, आणि एकही वापरण्यासारखं नव्हतं. "मी खोटं बोलले. दोघींशी. चुकलं माझं, मला माफ करा." हे शब्द तिने आजवर हजार वेळा दुसऱ्यांच्या नावाने बोलले होते, स्वतःच्या नावाने पहिल्यांदाच.

पाइना बाहेर गेली.

लारास तिच्या मागे धावणार, तेवढ्यात वागीराच उठली. ती पाइनाच्या पुढे झपाझप चालत गेली ती थेट लग्नाच्या वस्त्रापाशी, आणि बसली मागच्या बाजूला. पाइनाच्या बाजूला. शेजारच्या डबीतून पाइनाचीच चांतिंग उचलली, कढईत बुडवली, चोचीवर फुंकर मारली आणि गिरवायला लागली.

पाइना कापडाच्या पुढे येऊन उभी राहिली. आपली हत्यारं मागायची तर त्या बाईशी बोलायला हवं. ती उभीच राहिली आणि कापडातून मागची रेघ उमटताना बघत राहिली. बू सार्जीने लारासचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. स्वतःचे ओठही तिने दातांत धरले होते.

"रेघ तिरकी गेली," शेवटी पाइना म्हणाली.

"इथून दिसतच नाही काही," कापडामागून वागीरा म्हणाली. "नुसतं धुकं. तुला एवढी वर्षं दिसायचं तरी कसं?"

"दिसत नाही. माहीत असतं. तुझा हात कुठे वळणार, कुठे थांबणार, ते माहीत असतं."

मेणाचा एक थेंब टपकला. "हे बघ, सांडलं," वागीरा म्हणाली. मग कापडामागूनच: "त्या माणसाला मी हो म्हटलं, कारण तो पाहुणा होता. 'तुम्ही म्हैस आहात का' विचारलं असतं तरी मी हो जी म्हटलं असतं."

पाइनाच्या नाकातून फसकन हसू निसटलं. तिने ते लगेच आवरलं. "ते मला कळतं. मी काय जकार्ताहून आलेय? पण नंतर महिना झाला, वागी. महिनाभर ते कार्ड तिथे होतं."

कापडातून दिसत होता फक्त चांतिंग धरलेला हात, सावलीसारखा, हलायचा थांबलेला.

"कार्ड बघून मला बरं वाटलं," वागीरा म्हणाली. "खोटं कशाला बोलू. माझं नाव कधी कुठे लागलंय? मी रोज येताना बघायचे. मुलाला फोटो पाठवला. लाज वाटत होती आणि काढून टाका म्हणवतही नव्हतं. म्हणून तुझ्याकडे आले नाही."

समोरासमोर बसून ही बाई हे सात जन्मांत बोलली नसती. बू सार्जीने ते ऐकलं आणि लारासचं मनगट सोडलं. एवढं खरं तिने कुणाकडून कुणाकडे कधी नेलंच नव्हतं.

"मुलगा काय म्हणाला?" पाइनाने विचारलं.

"म्हणाला, 'आई, पाइनामावशी कुठाय फोटोत?'"

पाइनाने मनगटाने डोळे पुसले. मग चौकटीला वळसा घालून मागे गेली. "ऊठ," तिचा आवाज आला. "ऊठ म्हणते ना, माझं स्टूल आहे ते. काय करून ठेवलंयस! एवढं खरवडायला मला उद्याचा दिवस जाईल. शनिवारी हौदात काय माझं डोकं घालायचं?"

"मला वाटलं तुला मदत होईल."

"तुझी मदत! जा, पुढे जाऊन बस गुपचूप."

लारास रडत रडतच भिंतीपाशी गेली आणि कार्ड काढलं. दोघींच्या नावांचं नवं लिहिताना मात्र तिने दोघींना तीन-तीनदा विचारलं, आणि 'हो जी' म्हटलं तर चालणार नाही अशी ताकीद दिली.

शुक्रवारी सकाळी पाइनाने बू सार्जीला हाक मारली. "बू, पाक बादरुनकडे तुम्हीच जा. मी येत नाही म्हणून सांगा. आणि बू, साखर नको. मी सांगते तेवढंच, तसंच्या तसं."

"नुसतं 'येत नाही'?" बू सार्जीचा जीव कासावीस झाला. "अगं, एवढ्या मोठ्या माणसाला तोंडावर नाही? कारण विचारलं तर?"

पाइनाने मान वर करून पाहिलं. वागीरा विहिरीवर हात धुवायला गेली होती. पाइना खाली बघत, रेघेवरून चांतिंग न उचलता म्हणाली, "सांगा की, मी एकोणीस वर्षं एका हाताच्या मागे चालले. आता दुसऱ्या कुणाची रेघ मला वाचता यायची नाही, आणि शिकायचीही नाही." मग एकदम कडक झाली. "पण हे फक्त तिकडे. वागीला कळलं तर डोक्यावर बसेल माझ्या. शपथ घ्या."

बू सार्जीने शपथ घेतली.

पाक बादरुनने चहा दिला, भाताच्या पिकाचं विचारलं, नातवाचे दात दाखवले. तास गेला. मग त्याने हळूच विषय काढला, आणि बू सार्जीने दोन्ही हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. एक शब्द वर नाही, एक खाली नाही. आता हा माणूस अपमान मानेल म्हणून ती अंग चोरून बसली. पाक बादरुनने चहाचा पेला खाली ठेवला. "माझ्याकडे तीस जणी आहेत," तो म्हणाला. "त्यांतली एक तरी दुसरीबद्दल असं म्हणेल का, कोण जाणे." आणि त्याने तिला केळ्यांचा अख्खा घड बांधून दिला.

पुलावरून परतताना बू सार्जी मध्येच थांबली. तीस वर्षं बसून बसून तिने जी गोड वाक्यं रचली होती, त्यांतलं एकही याच्या जवळपास जाणारं नव्हतं. आणि हे रचलेलं नव्हतं.

कारखान्याच्या फाटकाशी वागीरा वाटच बघत होती. मेण पुसायच्या फडक्याला हात पुसत तिने विचारलं, "गेला होतात ना? काय निरोप होता तिचा?"

"येत नाही म्हणून."

"एवढंच?" वागीराचा चेहरा जरासा उतरला. "का येत नाही, ते काही नाही सांगितलं?"

बू सार्जीच्या जिभेच्या टोकावर आलं. अगदी टोकावर. ते ऐकून या बाईचा चेहरा कसा फुलला असता ते तिला दिसतच होतं. तिने ओठ मिटले आणि सगळं परत गिळलं.

"ते तिला विचार," ती म्हणाली. "तुमच्या दोघींच्या मध्ये एक कापड पुरे आहे. मी कशाला?"

वागीरा फडकं खांद्यावर टाकून आत गेली, आणि कापडाच्या पुढच्या बाजूने तिचा आवाज आला, "ए पाइना, ऐक ना, एक विचारायचंय."

बू सार्जी फाटकाशीच पायरीवर टेकली. आतून काय उत्तर आलं ते तिला ऐकू आलं नाही, आणि ती ऐकायला उठलीही नाही.